खाऱ्या पाण्याची पंगत

हबीबसेठ, काल वरखेडला पुन्हा पंगत बसली. त्याच निंबाखाली, त्याच किसनासाठी. मी खाटेच्या माझ्या कडेला बसलो आणि तुमची कड मोकळी ठेवली. खाटेची दोरी नवी आहे. जुनी कितीही धुतली तरी लालच राहिली, म्हणून किसनाने ती जाळली आणि अंबाडीची दोरी वळून नवी वीण भरली. त्याचा डावा हात अजून गळ्यात बांधलेला आहे, त्यामुळे वीण सैल झाली आहे. बसलं की माणूस मधोमध घसरतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "नानाभाऊ, ही खाट हाये का पोराचा झोयना?"

परवा तुमचा चाळिसावा झाला. त्याआधी खामगावात तुमच्यासाठी सभाही झाली. वकीलसाहेबांनी तुम्हाला दानशूर म्हटलं, आणखी कोणी शहीद म्हटलं. मी बोललो नाही. मला भाषण येत नाही, आणि मला तुमची स्तुती करायची नव्हती, भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात. हरायला लागलात की तुम्ही पानदान उघडायचात आणि चुन्याचं बोट माझ्यापुढे नाचवत विषय बदलायचात. ते पानदान भाभींनी माझ्याकडे पाठवून दिलं आहे. मी पान खात नाही हे त्यांना ठाऊक आहे.

शिवाय एक प्रश्न माझ्या गळ्यात पडला आहे. ज्याने तुम्हाला मारलं तो नामदेव आज ना उद्या सुटून आला, तर सुटलेल्या कैद्यांसाठीच्या आपल्या मंडळीने त्याच्यासाठी काय करायचं? तुमचं उत्तर मला न विचारता कळतं. माझं उत्तर वेगळं आहे. मला तो मेलेला हवा आहे. चाळीस दिवसांत यात फरक पडलेला नाही, आणि तुमच्याशी बोलताना मी आकडे सजवणार नाही.

आपण मंडळी काढली तेव्हा नियम मीच लिहिले होते. नागपूरहून सरकारचं थोडं अनुदान, कापसाच्या चार जिनवाल्यांच्या देणग्या आणि उरलेला सगळा भार तुमच्या सरकीच्या धंद्यावर. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला गावापर्यंतचं भाडं, एक धोतरजोडा आणि त्याच्या धंद्याचं अवजार, एवढं द्यायचं. कापूस बाजारात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. अवजार दिसतं, त्याची पावती होते, ते कुठे गेलं हे विचारता येतं.

उंद्रीच्या अलीकडच्या एका वस्तीवर आपण एकाला बैलजोडी दिली होती. चार महिन्यांनी ती बघायला गेलो. बैल बांधावर पडलेले होते, मागच्या पायांच्या शिरा विळ्याने तोडलेल्या. एक मेलेला, दुसरा मान आपटत होता. माणसाचं घर जळालेलं. त्याला गावच्या विहिरीवर पोहरा टाकू देत नव्हते, चुलीला कोणी निखारा देत नव्हतं, आणि बैल असे सापडल्यावर त्याने तोच विळा उचलून समोर आलेल्या पहिल्या माणसाच्या पोटात घातला होता. तो माणूस परगावचा होता, शेळी विकायला आलेला. आपला माणूस पुन्हा आत गेला.

परतताना मी म्हणालो, "बैल चांगले निवडले होते, माणूस चुकला."

तुम्ही मागे वळून बांधाकडे पाहिलंत. मग म्हणालात, "बैलायले तं आपन पानी पाजलं असतं, नानाभाऊ. त्याले कोन पाजत होतं?"

तिथून पंगत सुरू झाली. तुरुंगात जाऊन आलेला माणूस जातीबाहेर. पंचांपुढे नाक घासून त्याने साऱ्या जातीला जेवण घालायचं, तेव्हा कुठे पंच त्याला आत घेणार. ज्याच्याकडे धोतर नाही त्याने दोनशे माणसांना रोडगे आणि तूप कुठून घालावं? तो विचार तुम्ही केलात. तुमच्या घरचं शिजलेलं त्या लोकांना चालणार नव्हतं, म्हणून कोरडा शिधा द्यायचा: गव्हाचं पीठ, डाळ, वांगी, तूप. कोरड्याला विटाळ नाही. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात पाणी मिठासारखं, तिथे तर गोड पाणीही तुम्ही डब्यांत भरून गाडीने न्यायचात.

मी विरोध केला, तो आजही करतो. ज्या पंचांनी माणसाला बाहेर काढलं त्यांनाच देणगीच्या पैशाने तूप चारायचं, याला मी लाच म्हणतो. हे मी बैठकीत म्हणालो, तुमच्या दुकानात म्हणालो, वाटेने म्हणालो.

"खाऊ द्या ना," तुम्ही म्हणायचात. "तोंडात रोडगा असला का शिवी बाहेर येत नाई."

"आणि रोडगा संपल्यावर?"

"मंग दुसरा वाढायचा. तुमी बामन, तुमाले हे बी मीच सांगू?"

पंगतीच्या वेळी आपण दोघे खाटेवर. तुम्ही मुसलमान म्हणून आणि मी माझ्या सोवळ्यामुळे. तुमचं पानदान आणि माझा फिरकीच्या झाकणाचा तांब्या, त्यात घरून आणलेलं पाणी. नांदुऱ्याकडच्या एका गावात एका म्हातारीने आपल्याकडे बोट दाखवून पंचांना विचारलं होतं, "त्याले तं घेतलं बापा जातीत. या दोघायले कवा घेता?" पंगत हसून लोळली. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, आणि मी पाणी पुढे केलं तर तांब्याची फिरकी निघेना. "पाहा," तुम्ही ठसक्यातून म्हणालात, "तांब्या बी बामन हाये."

लोणारकडचं एक काम आटोपून आपण मोटारीने परतत होतो. मेहकरच्या पुढे टायर फुटलं आणि ड्रायव्हर ठिगळ लावेपर्यंत आपण बाभळीच्या सावलीत बसलो. तेव्हा मी तुम्हाला हातांबद्दल विचारलं. तुमच्या तळव्यांना रेषा नव्हत्या, नुसतं चकचकीत कातडं. चहाचा कपसुद्धा तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात. तुम्ही सांगितलंत, एकदाच, आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. तुमचा धाकटा भाऊ हुसेन मारामारीच्या खटल्यात आत जाऊन आला. घरी आईने त्याचं ताट वेगळं ठेवलं. नमाजाला सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र हातभर जागा मोकळी राहायची. "मी बी सरकलो नाई त्याच्याकडं, नानाभाऊ," तुम्ही म्हणालात. महिनाभराने त्याने तुमच्याच कपाशीच्या गंजीला आग लावली आणि आत जाऊन बसला. तुम्ही त्याला ओढून काढलंत. हातात आलं ते त्याचं कातडं होतं. तो दोन दिवस ओरडत होता.

एवढं सांगून तुम्ही ड्रायव्हरला विचारलंत, "काऊन बे, झालं का नाई?"

त्यानंतर तुमच्याशी पंचांच्या तुपावरून भांडणं मला जड जाऊ लागलं. मी भांडलो, तरी आवाज खाली ठेवून.

पण पाण्याच्या गोष्टीवर मी आवाज चढवला, आणि तो चढवला ते बरोबरच होतं. खुनाची सजा भोगून आलेल्याने पंगत घातली, तर आधी मेलेल्याच्या घरच्याने त्याच्या हातचं पाणी प्यावं आणि मगच पंगतीने घास उचलावा, असा त्या भागातला जुना रिवाज. पंचांनी तो कधीच सोडून दिला होता. मेलेल्याच्या घरचे येत नसत आणि बाकीचे जेवून मोकळे होत. तुम्ही कुठल्या तरी म्हाताऱ्याकडून तो रिवाज ऐकलात आणि धरूनच बसलात. "ज्यायचं मानूस गेलं ते घरी बसून रडतीन, अन बाकीचे रोडगे खातीन? मंग हे कायचं जेवन?"

मी म्हणालो, "ज्याचा माणूस मारला गेला त्याच्या दारात जायचा आपल्याला हक्क नाही. देणगीदाराने द्यावं आणि बाजूला व्हावं."

"मंग मनिऑर्डर करा ना. बैलगाडीत कायले हाडं खिळखिळी करता?"

याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. आज देतो. माणसाच्या दुःखात आपण किती आत जावं याला माप असतं, सेठ. ते तुम्ही ओलांडलंत.

किसनाची गोष्ट तशी साधी होती. दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून, बांधाच्या हद्दीवरून, त्याचं आणि सखारामचं वाजलं. हातघाईवर आले, आणि किसनाच्या हातात फावडं होतं. त्याने एकदा मारलं, सखाराम पडला, मग पडलेल्याला पुन्हा मारलं. हे किसनाने मला स्वतः सांगितलं, पुन्हा मारल्याचंही. त्याने पुरी सजा भोगली. सखारामच्या घरी आई भागाबाई आणि धाकटा भाऊ नामदेव. आपण त्यांच्याकडे गेलो तेव्हा म्हातारी उंबऱ्यावर बोंडं फोडत होती आणि नामदेव बैलांपुढे कडबा टाकत होता.

"सेठ, तुमी मुसलमान मानूस," तो वर न बघता म्हणाला. "आमच्या जातीच्या कामात कायले पडता?"

"पडलो नाई बे, ढकलल्या गेलो."

"माह्या भावाचं टकुरं फुटलं होतं. मेंदू धुऱ्यावर सांडला होता, मुंग्या लागल्या होत्या. मी तो टोपीत गोळा केला. अन त्या हाताचं पानी मी पिऊ?"

"पी म्हनत नाई. तोंडात घे, त्याच्या मुंडक्यावर थुंक. पन ये."

भागाबाईने मान उचलली नाही. "हे सेठ कोन्या घरचे हायेत?" तिने मला विचारलं. "त्यायचं कोनी मेलं नाई वाटते."

तुम्ही हात मागे घेतलेत. मी पाहिलं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नामदेव "येतो" म्हणाला. वाटेत मी तुम्हाला सांगितलं, तो बोलताना तुमच्याकडे पाहत नव्हता. तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडं बाजारात तरी कोन पाह्यते? हिशेब बरोबर निघतेच ना."

पंगतीच्या दिवशी नामदेव खांद्यावर कुऱ्हाड टाकून आला. त्या भागात वावरातून येणारा माणूस कुऱ्हाड घेऊनच येतो, म्हणून कोणी वळून पाहिलं नाही. मीही नाही. त्याने ती आपल्या खाटेला टेकवून ठेवली, तुमच्या पायाशी. तुम्ही त्याला रामराम केलात. गोवऱ्यांच्या आरात रोडगे फुगत होते, पळसाच्या पत्रावळी मांडून झाल्या होत्या, पंच पहिल्या रांगेत होते. किसना विहिरीच्या पाण्याचा लोटा घेऊन उभा होता. विहिरीचंच पाणी पाहिजे, तुम्ही आणलेलं गोड चालत नाही, असं पंचांचं म्हणणं पडलं होतं.

नामदेवने लोटा घेतला. क्षणभर मलाही वाटलं की तुम्ही जिंकलात. मग त्याने तो किसनाच्या पायावर उपडा केला, वळला आणि खाटेकडे चालत आला. पळत आला असता तर लोकांना कळलं असतं. तुम्हाला कळलं. त्याने कुऱ्हाडीला हात घालायच्या आधी तुम्ही तिचा दांडा दोन्ही हातांनी धरलात.

दुसऱ्या कोणीही धरला असता तर तो सुटला नसता. तुम्ही त्याच्यापेक्षा दणकट होतात. पण घासून घासून गुळगुळीत झालेला तो दांडा तुमच्या रेषा नसलेल्या तळव्यांतून सरकत गेला. मी ते अगदी जवळून पाहिलं. तुम्ही पुन्हा पकडलात, पुन्हा सरकला. त्याने हिसका देऊन कुऱ्हाड वर नेली आणि तुम्ही त्याच्या आणि किसनाच्या मध्ये उभे राहिलात. घाव मानेच्या मुळाशी बसला. खाटेवर बसलेल्या माझ्या तोंडावर तुमचं रक्त उडालं, ते गरम होतं.

मग सगळी पंगत उठली. नामदेवला खाली पाडलं, लाथा, दगड, आरातल्या पेटत्या गोवऱ्या. कोणीतरी त्याचं तोंड रोडग्यांच्या आरात दाबलं. कातडं जळल्याचा वास आला. मी एका म्हाताऱ्याच्या हातातली काठी घेतली आणि मारू लागलो. आयुष्यात मी कोणाला चापट मारलेली नाही, घरी विचारा. मोजण्याची सवय असलेला मी, किती मारल्या हे सांगू शकत नाही. तो ओरडत होता तोपर्यंत मला बरं वाटत होतं.

किसना आला आणि नामदेवच्या अंगावर आडवा पडला. आधी लोकांना ते समजलं नाही. काठ्या त्याच्या पाठीवर पडू लागल्या. "मले मारा," तो खालून म्हणत होता, "सख्याच्या मायचा एवढाच राह्यला रे. मले मारा." त्याचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती काठी माझी होती असं मला वाटतं. पोलिसात मी तसं सांगितलंही. जमादार म्हणाला, "बाबूजी, तुमी शिकलेले मानूस, कायले असं लिहून घेता?" आणि त्याने लिहिलं नाही. नामदेव किसनासाठी आला होता, तुमच्यासाठी नाही, हे मात्र लिहून घेतलं. कोर्टात विचारलं तर मी तेच सांगीन, कारण ते खरं आहे. त्याने तो फासावरून वाचत असेल तर माझा इलाज नाही.

तुम्हाला पाण्याच्या गाडीत घातलं. डबे अजून भरलेले होते. त्यांतलं पाणी हिंदकळून तुमच्या रक्तात मिसळत होतं आणि फळ्यांमधून वाटेवर गळत होतं. माझा पंचा, किसनाच्या बायकोचं लुगडं, सगळं तुमच्या मानेत कोंबलं होतं. पूर्णा ओलांडल्यावर तुम्ही डोळे उघडलेत.

"किती बसले?" तुम्ही विचारलंत.

"सगळे," मी म्हणालो.

"नाम्या?"

"तोही बसला."

"अच्छा," म्हणालात. मग काही नाही.

वीस वर्षांत मी तुम्हाला दिलेला हा एकच खोटा आकडा.

मंडळीची बैठक झाली. वकीलसाहेब म्हणाले, प्रयोगाची किंमत फार पडली, आता एक तर नुसती अवजारं द्यावी नाही तर दुकान बंद करावं. जिनवाले म्हणाले, खुन्यांना तूप चारायला आम्ही देणगी देत नाही. हे मीच इतकी वर्षं म्हणत होतो. मग वकीलसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही चिटणीस. अवजारवाले किती परत आत गेले, पंगतवाले किती?"

मला ते ठाऊक होतं. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही ते ढालीसारखं वापरलं असतं. मी म्हणालो, "अवजारवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त परत गेले. पंगतवाल्यांपैकी कोणी नाही."

"आणि एक देणगीदार मेला."

"हो. तोही धरा."

मंडळी चालू ठेवायचं ठरलं, पंगती बंद. किसना जातीत कच्चाच राहिला. पाणी सांडलेलं, पंगत मोडलेली, हात मोडलेला, आणि पंच म्हणत होते की पुन्हा जेवण घातल्याशिवाय आत घेता येत नाही.

मी भाभींना भेटायला गेलो, ते हे सांगायला नाही. पण पडद्यामागून त्यांनी विचारलं, तेव्हा सांगावं लागलं.

"चाळीसव्याचं अनाज भरून ठेवलं हाये," त्या म्हणाल्या. "इथं मौलवीसायबाले अन फकिरायले पुरते तेवढं ठेवते. बाकी वरखेडले न्या."

"भाभी, पंच घेतील की नाही..."

"ह्यायचं दिलेलं घेत होते ना? मंग माझं काऊन नाई घेनार? कोरडंच हाये."

"तिथेच सेठना..."

"मालूम हाये मले कुठं. तिथंच न्या."

म्हणून काल गेलो. पंच आले, पण पत्रावळींपुढे मांडी घालून हात आवरून बसले. किसना उजव्या हातात लोटा घेऊन उभा. कोण येणार होतं? नामदेव तुरुंगात. पंचांपैकी एक जण म्हणाला, "या वख्ती पान्याचं राहू द्या, एकदाचं जेवून घेऊ." माझंही तेच म्हणणं होतं. तेवढ्यात भागाबाई काठी टेकत आली.

ती सरळ किसनासमोर गेली आणि काठी उचलून त्याच्या गळ्यात बांधलेल्या हातावर मारली. तो कळवळला, गुडघ्यावर आला, पण लोटा सांडू दिला नाही. तिने पुन्हा मारली. कोणी उठलं नाही. मी उठणार होतो, पण सैल विणीतून पटकन उठता आलं नाही.

"हे सख्याचं," ती म्हणाली. मग काठी काखेत धरून तिने ओंजळ पुढे केली. "वत."

त्याने ओतलं. तिने प्यायलं, सगळं, आणि पदराने तोंड पुसलं.

"खारं हाये," ती म्हणाली. मग पंगतीकडे वळून, "काऊन बे, पाहून काय राह्यले? जेवा!"

पंगत जेवली. सगळे बसले, सेठ. या वेळी मोजले.

म्हातारी जेवली नाही. ती येऊन खाटेवर तुमच्या कडेला बसली, आणि विणीने आम्हा दोघांना मध्ये ढकललं. तिच्या अंगाला कडब्याचा वास होता.

"माह्या नामदेवाले फाशी देतीन का?"

"माहीत नाही. बहुतेक जन्मठेप."

"त्याचं तोंड भाजलं म्हन्तेत."

"हो."

"तुमी बी मारलं म्हन्तेत."

"हो."

तिने मान हलवली, जणू काही भाव ठरला. "तो सुटून आला तं त्याले बी हेच करा लागीन ना? जेवन?"

"करावं लागेल."

"मंग त्याचं पानी कोन पिईन? सेठच्या घरी कोन हाये?"

भाभी पडद्यात, आणि मूलबाळ तुम्हाला नाही. हुसेन गंजीत गेला. हे मी तिला सांगितलं. ती माझ्या मांडीवरच्या तांब्याकडे पाहू लागली. मी सवयीने फिरकी काढली होती, प्यायचं राहिलं होतं.

"मंग कोन?" तिने पुन्हा विचारलं.

मी तिला शब्द दिला नाही. जे करीन की नाही ठाऊक नाही, त्याचा शब्द मी देत नाही. मी तांब्याची फिरकी घट्ट लावली, तो खाटेखाली ठेवला आणि किसनाला हाक मारली. विहिरीचं पाणी मागितलं. त्याला वाटलं हात धुवायला हवं आहे. मी ओंजळ धरली तेव्हा पंगतीतले दोघे-तिघे जेवायचे थांबले.

सेठ, फार खारं आहे. रात्रभर पोट दुखलं, अजून दुखतं आहे. सरकारने नामदेवला जिवंत ठेवलं, तर सवय करायला माझ्याकडे बरीच वर्षं आहेत.